‘महाराजांच्या वाटेवर’ चाळीस मोटारसायकली : एका आराखड्याला उत्तर

१/ गेल्या आठवड्यात पुण्यातील काही तरुणांनी एका सहलीचा आराखडा पाठविला. चाळीस मोटारसायकली आणि जुलै महिन्यातील दोन दिवस. पहिल्या दिवशी पुणे, लोणावळा, उंबरखिंड, महाड आणि रायगड. दुसऱ्या दिवशी पोलादपूर, आंबेनळी घाट, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई आणि परत पुणे. फलकावर भगव्या अक्षरांत ‘महाराजांच्या वाटेवर’. सोबत एक ओळ होती : ‘दादा, मार्ग ठरला आहे, फक्त यात इतिहास भरून द्या.’

२/ त्यांना खासगीत दोन ओळींचे उत्तर देता आले असते. परंतु असे फलक दर पावसाळ्यात डझनांनी फिरतात आणि ते तयार करणाऱ्यांत आपल्या या धाग्यांचे अनेक वाचक असतात, म्हणून उत्तर येथेच देत आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. या आराखड्यात इतिहास भरण्यास जागाच नाही, कारण मार्ग, ऋतू, संख्या आणि शिधा या चारही बाबतींत तो ज्या इतिहासाचे नाव घेतो त्याच्या नेमका उलट आखलेला आहे. तो आहे तसाच ठेवून वर चार सनावळ्या चिकटविणे मला मान्य नाही.

३/ प्रथम मार्ग. ज्या डांबरी घाटांतून तुम्ही जाणार आहात त्यांपैकी एकही महाराजांनी काढलेला नाही. बोरघाटाच्या जुन्या पायवाटेची तोफगाड्यांसाठी पहिली सुधारणा १८०४ मध्ये जनरल वेलस्लीच्या काळात झाली आणि चाकांच्या वाहतुकीचा खरा रस्ता मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. आंबेनळी घाटाचे जुने सरकारी नाव फिट्झगेराल्ड घाट. सेमूर फिट्झगेराल्ड हा १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरातील रस्त्यांवर तर तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी घाम गाळला आहे. हाही इतिहासच आहे, आणि कमी रोचक नाही. पण तो फलकावर येत नाही.

४/ ‘रस्ता कोणी का काढला असेना, डोंगर तर तोच आहे,’ असे कोणी म्हणेल. डोंगर तोच आहे, हे खरे. परंतु त्या डोंगराशी वागण्याची स्वराज्याची रीत आणि इंग्रजांची रीत परस्परविरुद्ध होती. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या प्रारंभीचे. त्यातील दुर्गप्रकरण जरूर वाचा. गडावर येणारे मार्ग सुगम असू नयेत, असतील तर ते मोडून तेथे झाडी वाढवावी आणि अवघड वाटा काढाव्यात, असा त्याचा आशय आहे. दुर्गमता हे राज्याचे धन मानले जाई. इंग्रजांना तोफा, कापूस आणि टपाल वरखाली न्यायचे होते, म्हणून त्यांनी तेच धन फोडून रस्ते केले. तुमची मोटारसायकल ज्या सुबक वळणावरून झुकत जाते ते वळण दुसऱ्या प्रकारच्या विचारातून जन्मले आहे.

५/ आणि सोपी वाट म्हणजे काय, याचे उत्तर तर तुमच्याच मुक्कामांपैकी एका ठिकाणी, प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून निघाला आणि रडतोंडीच्या घाटाने जावळीत पार गावी उतरला. (या घाटाचे नाव कोणा बखरकाराने सुचविलेले नसावे, चढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच लोकांनी ठेवले असावे.) ग्रँट डफ लिहितो की खानाच्या येण्यासाठी रान तोडून एक वाट मोकळी करण्यात आली आणि बाकीच्या वाटा काळजीपूर्वक बंद करण्यात आल्या. म्हणजे जावळीच्या त्या अरण्यात जी एकमेव सोयीची वाट होती, ती पाहुण्यासाठी मुद्दाम केलेली होती. १० नोव्हेंबरला भेट झाली, आणि पारच्या तळावर पसरलेल्या खानाच्या सैन्याला त्या अरण्यातून नीट बाहेर पडता आले नाही.

६/ आता संख्या. तुमच्या आराखड्यातील पहिले ऐतिहासिक स्थळ उंबरखिंड आहे, आणि विनोद असा की चाळीस वाहनांच्या एका रांगेने डोंगर उतरण्यातील सर्व चुका त्याच ठिकाणी शिकविल्या जातात. शायिस्ताखान १६६० च्या मे महिन्यापासून पुण्यात ठाण मांडून होता. कोकण घेण्यासाठी त्याने कारतलबखान उझबेकाला पाठविले. बरोबर माहूरची रायबागन होती. कारतलबखानाने लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरण्याचे ठरविले. सैन्य हजारोंचे, सामान प्रचंड, वाट एका वेळी एक माणूस जाईल इतकी अरुंद. पुढचे तोंड खिंडीत आणि शेपूट अजून वरच्या पठाराच्या बाजूला.

७/ फेब्रुवारी १६६१. म्हणजे पावसाळा नव्हे, कोरडे दिवस. दाट रानात दोन्ही बाजूंना मराठे दबा धरून होते. खिंडीत सैन्य पुरते अडकल्यावर मारा सुरू झाला. पुढच्यांना मागे फिरता येईना, मागच्यांना पुढे काय चालले आहे ते कळेना. वारा नाही, पाणी नाही. कवींद्र परमानंदाने शिवभारतात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन केले आहे आणि त्यातली तहान विशेष लक्षात राहते. अखेर रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी भरून, सामान टाकून ते सैन्य जिवंत परतले. लढाई म्हणून ती मोठी कत्तल ठरली नाही. ठरली ती वाटचालीच्या नियोजनाची फजिती. रायबागनचा व्यवहारी शहाणपणा मात्र मला नेहमी आवडतो. तिच्यावर स्वतंत्र धागा लिहायचा आहे.

८/ आता तुमचा हिशेब करू. दोन गाड्यांमध्ये पंचवीस मीटर अंतर ठेवले, आणि ओल्या उतारावर त्याहून कमी ठेवणे मूर्खपणा आहे, तर चाळीस गाड्यांची रांग जवळजवळ एक किलोमीटर लांब होते. घाटात पुढचा आणि मागचा यांच्यामध्ये सहा-सात वळणे येतात. पुढच्याने रस्त्यावरचा दगड पाहिला तरी मागच्याला ते कळविण्याचे साधन नाही, आणि कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. मागून येणाऱ्या एस.टी.ला ही रांग ओलांडता येत नाही, म्हणून ती रांगेच्या मध्ये घुसते. रांग तुटते, मागचे वीस जण ‘आपण मागे पडलो’ या भीतीने वेग वाढवितात. घाटातले पुष्कळसे अपघात याच भीतीतून होतात. कारतलबखानाच्या सैन्याला निदान दुसऱ्या कोणी अडकविले होते.

९/ यावर उपाय नवा नाही. सहा-सात जणांच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीला पुढे वाट जाणणारा एक आणि सर्वांत मागे गाडी दुरुस्त करता येणारा एक. दोन तुकड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबावे, एवढा एकच नियम पाळला तरी कोणी चुकत नाही. नवख्याला शेवटी ठेवू नका, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. वेग त्याच्या ताकदीनेच ठरू द्या. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, निव्वळ ब्रेकवर भरवसा नको. आणि सर्वांचा एकच एक वेळेचा हट्ट सोडा : रायगडाच्या पायथ्याशी पहिली तुकडी चारला पोचली आणि शेवटची सहाला, तर कोणाचा राज्याभिषेक चुकणार आहे?

१०/ तिसरी गोष्ट ऋतू, आणि येथे मी सौम्य राहणार नाही. ‘मावळ्यांसारखे भर पावसात’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या फलकांवर वाचले आहे की त्याचा उगम शोधावासा वाटतो. इतिहासात तो सापडत नाही. मराठ्यांचे लष्कर पावसाळ्यात छावणीला जात असे. घोडी पागेत बांधली जात, चारा साठविला जाई, हत्यारे दुरुस्त होत, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी बाहेर पडे. सीमोल्लंघन हा शब्द आपण आज सोने वाटण्यापुरता ठेवला आहे, पण तो मुळात वाटा पुन्हा खुल्या झाल्याची घोषणा होता.

११/ ‘मग पन्हाळ्याची सुटका?’ हा प्रश्न येणारच. योग्य प्रश्न आहे. जुलै १६६०, मुसळधार पाऊस, पन्हाळगडाहून विशाळगडाकडे निसटणे, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल. परंतु ती वाट पावसात का धरली? सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने चालू होता, पावसानेही तो उठला नव्हता, आणि अशा रात्री कोणी बाहेर पडेल असे वेढा देणाऱ्याला वाटणार नाही, यावरच सारी योजना उभी होती. पावसाळ्यातली वाटचाल त्या काळी अशक्यप्राय मानली जात होती, म्हणूनच ती युक्ती ठरली. तिची किंमत काय पडली ते खिंडीचे आजचे नाव सांगते. अपवादाला सहलीचे वेळापत्रक बनविणे हा त्या रात्रीचा अपमान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२/ आणि तुमच्या मार्गावरच्या पावसाचा अगदी अलीकडचा इतिहास तर तुमच्या आयुष्यातलाच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बस अंधारात नदीत गेल्या. महाडहून पोलादपूरकडे जाताना तुम्ही तीच नदी ओलांडणार आहात. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. उंबरखिंडही त्याच तालुक्यात येते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतो. हे सर्व पाणी ज्या उतारावरून खाली येते, त्याच उतारावर घाट खोदलेला आहे.

१३/ थोडे विषयांतर. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर १८३० सालचा एक दगडी पूल होता, लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना तो पाडला. त्याच्याखालून शेकडो वेळा गेलेल्या किती जणांनी तो कोणत्या सालचा आहे हे विचारले होते? त्याच घाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. लोककथा अशी की रेल्वेची वाट सापडत नसताना शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या पायाखालची वाट इंग्रजांना दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी मिळविली. कथेला कागदाचा आधार नाही. पण ट्रकचालक अजूनही तेथे नाणे टाकून पुढे जातात, आणि घाट कोणाच्या ज्ञानावर उभे आहेत याविषयी लोकांची स्मृती काय सांगते ते त्यातून कळते.

१४/ कागदाचा आधार आहे तो पुढील गोष्टीला. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कड्यांवर होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी हजारो मेले. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तो ठेका पुढे चालविला. खंडाळ्याच्या कठड्यावर गाडी लावून समोरच्या बोगद्यांसह छायाचित्र काढाल तेव्हा ही माणसेही त्या चौकटीत आहेत. तुम्हाला आराखड्यात इतिहास भरायचाच होता ना? लोणावळ्याच्या थांब्यापुढे हे लिहा. तेथे तुम्ही केवळ ‘वडापाव’ लिहिले आहे.

१५/ आता चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब : शिधा आणि गाव. आराखड्यात लिहिले आहे, ‘दुपारचे जेवण : वाटेतल्या गावात’. कोणत्या गावात? चाळीस गाड्या, काहींवर दोघे, म्हणजे साठ माणसे. घाटाखालच्या लहान गावात साठ माणसांचे जेवण आयत्या वेळी कोठून येणार? जुलै हा भातलावणीचा महिना आहे. घरातली सगळी माणसे चिखलात वाकलेली असतात. गाड्या लावायला तुम्हाला शेताचा बांध आणि गावात शिरणारा अरुंद रस्ताच सापडणार. त्या रस्त्याने चिखलणीचा ट्रॅक्टर जायचा असतो.

१६/ या प्रश्नावर महाराजांचे स्वतःचे पत्र उपलब्ध आहे, आणि सामूहिक प्रवासाच्या नियोजनावर मराठीत यापेक्षा चांगला दस्तऐवज मला ठाऊक नाही. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूण परिसरात लष्कराचा तळ पडला होता. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना उद्देशून हे पत्र आहे. काळ वैशाखाचा, पाऊस अजून यायचा आहे. आणि पत्राचा विषय कोणतीही लढाई नसून दाणा, गवत, विस्तव आणि भाजीची काडी हा आहे.

१७/ त्याचा आशय असा. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला साठा बराचसा आधीच खर्च झाला आहे. जे उरले ते आत्ता मन मानेल तसे वापराल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याकडे वळाल. कोणी त्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही वाईट असे त्यांना वाटेल. म्हणून ज्याला जे हवे ते त्याने बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावे.

१८/ त्यापुढचा भाग मी दर वेळी वाचतो तेव्हा थक्क होतो. कोणी गवताच्या जवळ स्वयंपाक करील, कोणी चिलीम ओढण्यासाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. मग गवताची गंजी पेटेल, आणि गवत गेले की घोडी गेली, घोडी गेली की सारे लष्कर गेले. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावरचा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करीत होता. ‘महाराजांच्या वाटेवर’ असे लिहिण्याचा हक्क मिळवायचा असेल तर तो या पत्रातून मिळतो; टाकीवर चिकटविलेल्या चित्रातून मिळत नाही.

१९/ त्या पत्राप्रमाणे तुमचा आराखडा तपासा. उंबरखिंडीजवळच्या छावणी गावात कोणाशी बोलणे झाले आहे काय? जेवण सांगायचे तर आठवडाभर आधी सांगा, किती माणसे ते नेमके सांगा, आगाऊ पैसे द्या आणि ते एखाद्या महिला बचत गटाला मिळतील असे पाहा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन तेथेच फेकण्याऐवजी प्रत्येकाने दोन लिटरचे भांडे घरून भरून आणावे. पेट्रोल महाडला भरा, मोठ्या गावात. पुढे घाटात बाटलीतले पेट्रोल कोणाकडे मागत फिरू नका. प्रत्येक तुकडीकडे पंक्चर काढण्याचे सामान, एक जादा क्लच केबल, प्रथमोपचाराची पेटी. आणि सायलेन्सर बदललेल्या गाड्यांना सरळ ‘येऊ नका’ म्हणून सांगा. खिंडीत तो आवाज कसा घुमतो हे मी ऐकले आहे. त्या दिवशी गावातली लहान मुले कान झाकून उभी होती.

२०/ दोन आक्षेप उरतात. पहिला असा की अशा राईडमुळे गावाला उत्पन्न मिळते. आधी सांगून गेलात तर मिळते. न सांगता गेलात तर चहाच्या टपरीला मिळते आणि कचरा बाकीच्यांना. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : ‘निदान त्या निमित्ताने मुले गडावर तरी जातात.’ हे मी नाकारीत नाही. मला स्वतःला इतिहासाची गोडी पुस्तकाने लागली नाही; मामाच्या स्कूटरवर मागे बसून कार्ल्याच्या लेण्यांना गेलो होतो तेव्हा लागली. गाडीला माझा विरोध नाही, गाडीवरून उतरायला वेळच न ठेवणाऱ्या वेळापत्रकाला आहे.

२१/ तुमच्या कागदावर रायगडासाठी दोन तास आहेत आणि पाचाडचा उल्लेखही नाही. पायथ्याच्या याच गावात जिजाऊसाहेबांचा वाडा आणि समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी येथे देह ठेवला. रस्ता समाधीच्या अगदी जवळून जातो आणि बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. प्रतापगडासाठी पाऊण तास ठेवला आहे, त्यातली पंधरा मिनिटे सामूहिक छायाचित्राची. मात्र महाबळेश्वरात आईस्क्रीमसाठी सव्वा तास. हे मी रचलेले नाही, तुमचाच कागद आहे.

२२/ म्हणून हा बदललेला आराखडा. दसऱ्यानंतर, शक्यतो नोव्हेंबरच्या मध्यात. मोटारसायकली जास्तीत जास्त चौदा, म्हणजे सातच्या दोन तुकड्या. दिवस तीन. पहिल्या दिवशी पहाटे निघून जुन्या महामार्गाने बोरघाट उतरा. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. शिंग्रोबापाशी थांबा. खोपोलीहून पालीच्या रस्त्याने छावणी गाव गाठा, गाड्या तेथे ठेवा आणि स्मारकापर्यंत व अंबा नदीच्या पात्रापर्यंत पायी जा. पात्रात उभे राहून वर कुरवंड्याच्या दिशेने पाहिले की शिवभारतातले ते वर्णन आपोआप उलगडते. तेथे दोन तास द्या. ज्यांना शक्य असेल त्यांनी दुसऱ्या एखाद्या रविवारी स्थानिक वाटाड्या घेऊन कुरवंडे घाट पायी उतरावा. खऱ्या अर्थाने जुनी वाट तीच आहे.

२३/ मुक्काम पाचाडला. दुसरा दिवस पूर्ण रायगडाचा, चित्त दरवाजाने पायऱ्यांनी चढून. रोपवे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी. संध्याकाळी गाडी चालवायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूरमार्गे आंबेनळी चढा आणि उन्हे डोक्यावर येण्याआधी प्रतापगड गाठा. बुरुजावरून जावळीचे खोरे पाहा. जमल्यास खाली पार गावात जाऊन या. नंतर महाबळेश्वर, पाचगणी, पसरणीचा घाट, वाई. पसरणी उतरताना सूर्य मावळायच्या आत असावे. वाईत कृष्णेच्या घाटावर चहा घ्या आणि तेथून खान कोणत्या बाजूने जावळीकडे निघाला असेल याचा नकाशा एकमेकांना काढून दाखवा. ज्याचा नकाशा चुकेल त्याने चहाचे पैसे द्यावेत.

२४/ हे सर्व काल त्या तरुणांना पाठविले. रात्री उत्तर आले. ऋतू मान्य, तीन दिवस मान्य, जेवणासाठी गावात आधी फोन करणेही मान्य. चौदा गाड्यांवर मात्र भांडण सुरू आहे, कारण सव्वीस जणांना ‘पुढच्या वेळी’ असे सांगावे लागेल आणि ते सांगण्यास कोणी तयार नाही. सव्वीस जणांची दुसरी आणि तिसरी फेरी डिसेंबरात काढा, असे मी सुचविले आहे. फलकाचे शीर्षकही बदलत आहेत. ‘छावणी ते रायगड’ असे काही ठरते आहे म्हणे.

२५/ चिपळूणच्या तळावरचे ते पत्र ज्यांनी मूळ स्वरूपात वाचलेले नाही त्यांनी जरूर मिळवून वाचावे; भाषा जुनी असली तरी दोन वाचनांत उलगडते. पुढचा धागा नाणेघाटावर : सातवाहनांची राणी नागनिका, तिचा ब्राह्मी लेख, त्यातली दानाची आकडेवारी आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा तो दगडी रांजण. जुन्नरहून घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते. खाली वैशाखऱ्याकडे उतरायचे ते मात्र पायीच.